लवंगेच्या तेलातली धूळ

आप्पांचा खोकला संपेपर्यंत आमच्या घरात कोणी बोलत नसे. सकाळी ते मोरीपाशी तोंड धुवायला बसले की सुरुवात व्हायची. आधी दोन कोरडे ठसके, मग जरा शांतता, आणि मग तो लांबलचक खोकला, भरलेलं पोतं फरशीवरून ओढत न्यावं तसा. आमची आई, अव्वा, त्या वेळी स्टोव्हपुढं बसून जोंधळ्याची भाकरी थापत असायची. खोकला सुरू झाला की तिचा हात पिठावर तसाच थांबायचा. परातीतली थपथप बंद, स्टोव्हचा फरफराट तेवढा चालू. आप्पांनी चूळ भरली की हात पुन्हा हलायचा. मी आणि बसू नावाचा माझा थोरला भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणायची, आम्ही दोघं चहाच्या कपात बघत बसायचो. मग आप्पा येऊन भिंतीला टेकायचे, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि दही घ्यायचे, आणि पहिला घास मोडताना दर सकाळी तेच म्हणायचे, "काय न्हाई, जरा कफ हाय." हे ते कुणाला सांगत होते ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही मूळचे नेसरीकडचे. तिकडं भावाभावांत वाटून उरलेली जमीन थोडी, म्हणून आप्पा कोल्हापुरात आले आणि उद्यमनगरच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड पडलं. घरात बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. अव्वा रागावली की पूर्ण कानडी. जवळच्या एका फाउंड्रीत आप्पा फेटलिंगला होते. लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात, तो गार झाला की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात, आणि त्यावर चिकटून बसलेली वाळू ग्राइंडरनं खरवडून टाकतात. त्या खरवडण्याला फेटलिंग म्हणायचं. दिवसभर त्या ग्राइंडरांची किरकिर आमच्या भिंतीतून ऐकू यायची. अंगणात पापड वाळत घातले की धूळ बसू नये म्हणून अव्वा त्यावर धोतराचं पातळ फडकं टाकायची. संध्याकाळी आप्पा घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया आणि पापण्या पांढुरक्या झालेल्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं, हे कामावर जाताना तरुण असतात आणि येताना म्हातारे होऊन येतात.

शेजारच्या खोलीत दत्तूकाका आणि शेवंताकाकी राहायची. ती कोडोलीकडची माणसं. काका आप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान, पण दोघांचे ग्राइंडर शेजारीशेजारी, त्यामुळं दोस्ती घट्ट. काकी माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठी होती. तिचा सागर तेव्हा नुकता बसायला लागला होता. संध्याकाळी दोघी बायका नवऱ्यांचे कपडे घेऊन मागच्या बोळात जायच्या आणि एकेक शर्ट धरून जोरानं झटकायच्या. उन्हाच्या तिरपेत त्या धुळीचा पडदा लोंबकळत राहायचा. काकी तोंडाला पदर लावून हसायची, "आमच्या ह्यांनी आज निम्मी फौंड्री घरला आणलीया बघा वैनी." आणि सागर त्यांच्या पायांशी, पायरीवर बसून दोघींकडं बघत असायचा.

मी कॉलेजात भूशास्त्र घेतलं ते काही फार विचार करून नव्हे. त्या वर्गात मुली कमी, फी तीच, आणि इनामदार सर पहिल्याच दिवशी म्हणाले की दगड कधी खोटं बोलत नाही, फक्त त्याला नीट विचारावं लागतं. सर अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. त्यांच्या विभागात कुलपाच्या कपाटात एक सूक्ष्मदर्शक होता. त्याची गोल तबकडी फिरायची. तिच्या खाली एक आणि नळीच्या आत एक असे दोन ध्रुवक, म्हणजे दोन चकत्या. सर ते समजावून सांगताना खिडकीच्या उभ्या गजांपाशी जायचे आणि हातातली पट्टी उभी धरून गजांतून आरपार घालायचे. मग तीच आडवी धरायचे, ती अडकायची. "उजेड म्हणजे अशा असंख्य पट्ट्या, सगळ्या दिशांना हलणाऱ्या," ते म्हणायचे. "खालची चकती त्यातल्या एकाच दिशेच्या सोडते. वरची चकती नेमक्या काटकोनातल्या सोडणारी. मग वर काय पोचणार? काही नाही." आणि खरंच, दोन्ही चकत्या आडव्याउभ्या केल्या की नळीत डोळा लावल्यावर मिट्ट काळोख दिसायचा. त्या काळोखात साधी काच ठेवली तर काळोख तसाच राही. पण स्फटिकाचा कण ठेवला, तर तो खालून आलेल्या उजेडाचे दोन भाग करतो, दोन वेगवेगळ्या वेगांनी पुढं पाठवतो, आणि ते पुन्हा एकत्र येताना उजेडाची दिशा बदललेली असते. मग वरची चकती त्याला अडवू शकत नाही. काळोखात तो कण पेटलेला दिसतो. तबकडी फिरवली की विझतो, आणखी फिरवली की पुन्हा पेटतो. पूर्ण फेऱ्यात चार वेळा.

आपल्या घाटावरच्या काळ्या दगडाचा पातळ काप त्यांनी दाखवला तेव्हा मी कितीतरी वेळ डोळा काढला नव्हता. पट्ट्यापट्ट्यांचे कण, निळे, नारिंगी, मधे काळी काच. दुसऱ्या स्लाइडवर कोकणातली वाळू होती. तिचे कण राखाडी, पांढरे, कडेला पिवळट, एकदम स्वच्छ. "हा क्वार्ट्झ," सर म्हणाले. "आपल्या काळ्या दगडात हा शोधून सापडत नाही. पोकळ्यांत गारा असतात तेवढ्याच. इथल्या धुळीत हा भरपूर दिसला तर समजायचं, कुणीतरी बाहेरून आणलाय." वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही, कारण त्याच क्षणी मला फाउंड्रीच्या फाटकाबाहेर उभे राहणारे ट्रक आठवले. कोकणातून पांढरी वाळू घेऊन यायचे ते.

त्या वर्षी आप्पांना टीबी सांगितला होता. सरकारी दवाखान्यातली औषधं चालू होती, त्यानं लघवी तांबडी व्हायची आणि अन्न जात नसे. अव्वानं त्यांचं ताट आणि तांब्या वेगळा केला, पण ते अशा खुबीनं, की जणू ताटावरच्या नक्षीमुळं ते त्यांना दिलंय. दवाखान्यात थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. "तरीबी टीबीच आसंल," तिथला माणूस म्हणाला होता, "तुमच्या फाउंड्रीत सगळ्यांना टीबीच हुतोय." हे वाक्य आप्पांनी घरी येऊन सांगितलं ते जरा दिलाशाच्या सुरात. आपण एकटे नाही, या अर्थानं. पण अव्वा भांडी घासायची थांबली. आप्पांच्या आधी त्या ग्राइंडरवर असलेला माणूस टीबीनं गेला होता. त्याच्याही आधीचा टीबीनंच गेला होता. आणि दोघांच्याही घरी बायकापोरांना कुणाला टीबी झाला नव्हता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण ते एकापुढं एक ठेवून कुणी पाहिलं नव्हतं.

आणि अशात अण्णाचं ठरलं. त्याचं शिक्षण बारावीला अडकलं होतं. आप्पांनी सुपरवायझरशी बोलून त्याला पुढच्या महिन्यापासून फेटलिंगला घ्यायचं नक्की केलं. "माझ्या डाव्या अंगाला उभा ऱ्हाईल, दत्तू उजवीकडं हायच," ते खुशीत म्हणाले. अव्वानं त्या दिवशी हुग्गी केली, गव्हाची, गुळाची खीर. आप्पांना दोन घास गेले नाहीत तोच ठसका लागला आणि ते ताटावरून उठून मोरीकडं गेले. अण्णानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी त्याच्या हाताकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांचा रुमाल कागदात गुंडाळून कॉलेजात नेला. नाकातोंडावर बांधायचा तो रुमाल. दाढदुखीसाठी अव्वा लवंगेच्या तेलाची बारकी बाटली ठेवायची, तीही घेतली, कारण सरांनी प्रात्यक्षिकात सांगितलं होतं की कण बघायला ते तेल चांगलं. दुपारी विभागात सर एकटेच होते. मी रुमाल काचेवर झटकला, तेलाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. सगळ्या खोलीला लवंगेचा वास सुटला. आधी मी चकत्या न लावता साध्या उजेडात बघितलं. लोखंडाचे काळे कण दिसले, पुष्कळ. त्यांच्या मधे मात्र मोकळी, स्वच्छ जागा. मला इतकं हायसं वाटलं, की मी हसलेसुद्धा असेन.

"सर, लोखंडच हाय नुसतं."

सर उठून आले. "क्वार्ट्झ आणि लवंगेचं तेल, दोन्हींतून उजेड जवळजवळ सारखाच वाकतो," ते म्हणाले. "त्यामुळं साध्या उजेडात तो या तेलात दिसेनासा होतो. चकती सरकव."

मी सरकवली. काळोख झाला. लोखंडाचे काळे कण त्या काळोखात बुडून गेले, आणि जी जागा मला मोकळी वाटली होती ती सगळी पेटून उठली. सरांनी डोळा लावला, तबकडी फिरवली, बराच वेळ फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "हे मोठे, पांढरे कण सोड. ते नाकात अडकतात, शिंकेबरोबर बाहेर पडतात. आता डोळा लावून नुसती थांब. घाई करू नकोस. काळोखाची सवय होऊ दे." मी थांबले. थोड्या वेळानं त्या झगझगीत कणांच्या मधल्या काळ्या जागेत काहीतरी हलकं राखाडी दिसू लागलं. दिसतंय न दिसतंय असं. मग आणखी. मग सगळीकडं. "कण जितका बारीक तितका उजेड कमी," सर माझ्या मागून म्हणाले. "आणि जितका बारीक तितका खोल जातो. जे तुला जेमतेम दिसतंय, ते छातीत पोचतं." त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता. "पण एक लक्षात ठेव. रुमालावरची धूळ म्हणजे आजार नव्हे. आजार आहे की नाही ते छातीचा डॉक्टर सांगेल. कुणाचा आहे हा रुमाल?"

मी सांगितलं.

घरी मी हे सगळं एका दमात बोलून टाकलं आणि ते कुणालाच पटलं नाही. "मशीनमधी बघिटलं तर पाण्यातबी किडं दिसत्यात," आप्पा म्हणाले. अण्णा चिडला, त्याला वाटलं मी शिकतेय आणि तो कामाला लागतोय म्हणून मी शहाणपण शिकवतेय. अव्वा एवढंच म्हणाली, "साकु, पुरे. पोरीला बोलू नगा. एकदा जाऊन बघून तरी या." त्यामुळं कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून माझ्या कॉलेजात आले. त्याआधी ते कधी आले नव्हते. अण्णा बरोबर होता, तोंड फुगवून. जिना चढताना आप्पा दोन वेळा थांबले, आणि दोन्ही वेळा भिंतीवरच्या नोटिसा वाचतोय असं दाखवलं.

सरांनी त्यांना स्टुलावर बसवलं. आप्पांची बोटं जाड, नखांत काळं बसलेलं. ती त्या पितळी तबकडीवर आली तेव्हा सर म्हणाले, "फिरवा, शिवाप्पा. घाबरू नका." आप्पांनी फिरवली. ते कामाचे माणूस, त्यांचा हात लगेच बसला.

"विझालं की हे."

"आणखी फिरवा."

"पेटलं." त्यांनी पूर्ण फेरा केला, मनाशी मोजत. "चार बारी विझालं."

"क्वार्ट्झ आहे तो. तुमची वाळू. ग्राइंडरखाली फुटून एवढी बारीक होते."

आप्पा तबकडी पुढंमागं फिरवत राहिले. मला वाटलं त्यांना दिसत नसावं. मग त्यांनी डोळा न काढता विचारलं, "आनी हे मागचे बारके? धुरावानी दिसत्यात ते?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. ते कण कुणी दाखवून न देता आप्पांना दिसले होते. "तेच आत जातात," सर म्हणाले. "आत गेले की शरीर त्यांच्याभोवती गाठी करतं. मग तेवढा भाग दगडासारखा होतो."

"भाईर येत न्हाईत?"

"नाही."

"औशिदानं?"

"त्यानंही नाही," सर म्हणाले. आप्पांनी मान हलवली, उठले, टोपी नीट केली, आणि अण्णाचा दंड धरून त्याला स्टुलावर बसवलं. "बघ," ते म्हणाले. अण्णानं बघितलं. आप्पा त्याच्यामागं उभे होते, आणि मी बाजूनं आप्पांचा चेहरा बघत होते. तो इतका शांत होता की मला पळून जावंसं वाटलं. "बसू, तू यायचं न्हाईस तिकडं," ते म्हणाले. "मी सुपरवायझरला सांगतो, पोरगं गावाकडं गेलंय म्हणून."

"आनी तुमी?" अण्णानं विचारलं.

"माझं काय आता," आप्पा म्हणाले, आणि सरांना नमस्कार करून जिना उतरायला लागले.

नंतर मिरजेच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढं धरून तेच सांगितलं. टीबीची औषधं बंद झाली. त्या आजाराला स्वतःचं नाव होतं, पण औषध नव्हतं. आप्पा तरीही आणखी आठ महिने कामावर जात राहिले. मी भांडले, अव्वा रडली, सरांनी निरोप पाठवला. आप्पा म्हणायचे, आत गेलंय ते गेलंय, आता नवीन जाऊन काय वेगळं हुणार हाय. तसं नसतं, हे मला तेव्हा पटवून देता आलं नाही. शेवटी एके दिवशी दत्तूकाका त्यांना सायकलवरून घेऊन आले आणि ते परत गेले नाहीत. पुढं दीड वर्ष ते खाटेवर उशांच्या चळतीला टेकून बसलेले असायचे, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. ज्या दिवशी त्यांना तसं नेलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ते तर कधीचेच बसून आहेत.

पण हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते आप्पांसाठी नाही. त्यांच्याविषयी मला जे करता आलं ते मी केलं, उशिरा केलं, पण केलं. अण्णा वाचला. तो आज नेसरीला आहे, दोन म्हशी आहेत, गुडघे दुखतात अशी तक्रार करतो. मला लिहायचंय ते शेवंताकाकीविषयी.

आप्पा खाटेला लागले त्याच सुमाराची गोष्ट. दुपारची वेळ, अव्वा आप्पांना कढी भरवत होती, मी दारात गहू निवडत होते. काकी आली. कडेवर सागर, आणि पदराच्या टोकाला गाठ. गाठीत दत्तूकाकांचा रुमाल होता. "बसूनं ह्यांस्नी समदं सांगिटलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "हे हसत्यात. मला म्हणत्यात शिवाप्पाला टीबीच हाय. पर तू बघ की गं. मला बघून सांग. कुनाला बोलणार न्हाई मी." तिचं पोट तेव्हा पुन्हा दिसायला लागलं होतं. मी रुमाल घेतला.

दुसऱ्या दिवशी मी बघितला. तेल, पातळ काच, चकती. आता मला काळोखाची सवय व्हायला वेळ लागत नसे. ते राखाडी कण लगेच दिसले, आप्पांच्या रुमालात होते तितकेच. मला वेगळं काही अपेक्षितही नव्हतं, दोघे शेजारीशेजारीच उभे असायचे. सर त्या दिवशी विभागात नव्हते, आणि मी त्यांना कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी काकी बोळाच्या तोंडाशी वाट बघत होती. तिच्या हातात दत्तूकाकांचा शर्ट होता, अजून न झटकलेला. मी रोज घरात श्वासासाठी धडपडणारा माणूस बघत होते. त्या दिवशी सकाळीच आप्पांनी माझा हात धरून ठेवला होता आणि त्यांची बोटं निळी झाली होती. काकीचा चेहरा इतका उघडा होता, की त्यावर काही ठेवायला माझा हात धजेना. ती म्हणाली, "आमच्या ह्यांच्यात कमी हाईत न्हवं?"

"व्हय काकी," मी म्हणाले. "कमी हाईत. न्हाईत म्हटलं तरी चालंल."

तिनं डोळे मिटले. मग माझ्या गालावरून दोन्ही हातांची बोटं फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकड मोडली. "लय उपकार झालं बघ. जातो मी, भात टाकायचाय." आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. ती वळली आणि घरात गेली, आणि थोड्या वेळानं मला तिच्या खोलीतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला, दत्तूकाकांचा आणि तिचा.

मी उद्या सांगीन, असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात सांगीन. बाळंतपण होऊ दे, मग सांगीन. मुलगी झाली, बारसं झालं. आप्पा गेले. मी एम.एस्सी.ला लागले, आम्ही ती खोली सोडली. काका त्या ग्राइंडरवर राहिले. नंतर फाउंड्री कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेली, तेव्हा तिकडंही गेले. ते वारले तेव्हा त्यांचं वय, आप्पा गेले त्या वयापेक्षाही कमी होतं. मी भेटायला गेले. बायकांच्या घोळक्यात काकीनं मला जवळ ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हिनं मशीनीतनं बघिटलं हुतं ह्यांचं. धूळ न्हवती. टीबीच हुता, नशीबच तसं." बायकांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मी रडतेय.

पुढं बरीच वर्षं मी एका कॉलेजात तोच विषय शिकवला. दर वर्षी मुलांना वाळूचे कण दाखवले, पण धूळ कधी दाखवली नाही. आता पन्नाशी उलटली, श्वास मलाही जिन्यावर लागतो, आणि तपासणी मी अजून केलेली नाही. बोळातला तो धुळीचा पडदा आम्हा सगळ्यांवर उतरत होता.

गेल्या वर्षी, गणपतीच्या आधी, काकी माझ्या घरी आली. रिक्षातून एकटीच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कापडी मास्क. सागर कागलला फेटलिंगला लागून चार वर्षं झाली होती, हे मला तिनंच सांगितलं. "खोकतोय," ती म्हणाली. "ह्यांच्यावानीच सकाळी. तू बघ. तुझा सबूद माझ्यासाठी शेवटचा." तिनं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि पाणी मागितलं.

मी पाणी आणलं. ती पिऊन होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "काकी, त्या टायमाला मी खोटं बोलले हुते."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. "कंच्या टायमाला?"

"दत्तूकाकांचा रुमाल आणलेला तवा. कण हुते. आप्पांच्याइतकेच हुते."

तांब्या तिच्या हातात होता. तो तिनं खाली ठेवला नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ढोलकीला शाई चढवून घेऊन चालला होता आणि मधेच थाप मारून बघत होता. काकी माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडंही नाही. ती बहुतेक वर्षं मोजत होती. मी तेव्हा लहान होते, एवढंच मला म्हणता आलं असतं, आणि तेही खरं नव्हतं. मी वीस वर्षांची होते.

"ते ऐकणारे हुते," ती शेवटी म्हणाली. "मी म्हटलं आसतं तर सोडलं आसतं त्यांनी. मी म्हटलंच न्हाई. तू न्हाई म्हटलीस म्हणून मी म्हटलं न्हाई."

"व्हय."

तिनं तांब्या ठेवला आणि ती पिशवी टेबलावरून माझ्याकडं ढकलली. "मग आता खरं बघ."

मी तिच्यासमोरच बघितलं. घरी माझा स्वतःचा जुना सूक्ष्मदर्शक आहे, निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यानं दिलेला. ती माझ्या खांद्यामागं उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी चकती सरकवली, काळोखाला डोळे सरावू दिले, आणि जे दिसलं ते सांगितलं. किती, कसे, सगळं. एक शब्द कमी केला नाही. हा आजार नव्हे, छातीचा फोटो काढायला लागेल, पण उद्यापासून त्यानं जाऊ नये, हेही सांगितलं. तिनं कुठल्या डॉक्टरांकडं जायचं ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, कागद चोळीत ठेवला, आणि जातो म्हणाली नाही, येतो म्हणाली नाही, तशीच निघून गेली.

सागरनं काम सोडलं. फोटोत थोड्या गाठी आहेत, फार नाहीत असं डॉक्टर म्हणाले, वाढतील की थांबतील हे सांगता येत नाही. तो आता कोडोलीहून दुधाचा टेम्पो घेऊन येतो. हे मला त्यानंच फोनवर सांगितलं, आणि आईला फोन दिल्याचं सांगूनही पलीकडून कुणी बोललं नाही. परवा मला काकी भाजी मंडईत दिसली, मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करत होती. तिनं मला बघितलं, जुडी खाली ठेवली, आणि दुसऱ्या गल्लीला वळली. मी तिला हाक मारली नाही.